नऊ नंबरच्या चपला

आगटेबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, दाराबाहेरच्या चपलांकडे पाहिलं. काळ्या, चामड्याच्या, पुरुषी, नऊ नंबरच्या. मग मान वर करून म्हणाल्या, "भाऊ घरीच आहेत वाटतं?"

"झोपलाय," मी म्हणाले. "रात्रपाळी होती."

दुपारचे बारा वाजले होते. त्यांच्या हातात पट्टा होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गुळाच्या पाकाच्या रंगाचं एक भलंथोरलं कुत्रं उभं राहून मला शेपटी हलवून दाखवत होतं. भाऊ झोपलाय म्हटल्यावर आगटेबाईंनी लगेच आवाज खाली आणला. बिचाऱ्या अर्धा तास माझ्या घरात कुजबुजत बोलत होत्या. कुत्र्याला काय खायला घालायचं, कधी घालायचं, आंघोळ कशी घालायची, सगळं कुजबुजत. आतल्या खोलीत कुणीही झोपलेलं नव्हतं. गेल्या पंचवीस वर्षांत त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी झोपलेलंच नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार अकराची, साताऱ्याची. मी हेमलता शेवडे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, पस्तीस वर्षं नोकरी केली आणि दोन हजार नऊला निवृत्त झाले. लग्न केलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. वडील अंथरुणाला खिळलेले, माझी नोकरी पाळ्यांची, आणि बघायला येणाऱ्यांना रात्री कामाला जाणारी सून नको होती. मग बघायला येणंही थांबलं. भाऊ एकच, तो इंदूरला. दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि फोनवर तो नेहमी घाईत असतो.

त्या चपला माझ्याच. म्हणजे मीच विकत आणलेल्या. वडील गेल्यावर मी या घरात एकटी राहायला लागले तेव्हा एक्स्चेंजमधल्या कमल घोरपडेनं मला बजावलं होतं, "एकटी बाई आहेस, दारात पुरुषाची चप्पल ठेव. येणारा-जाणारा दहा वेळा विचार करतो." दुकानदारानं माप विचारलं तर मला सुचेना. मी म्हटलं, माणूस मोठा आहे. त्यानं नऊ नंबर काढून दिला. घरी आणल्यावर टाचा धुण्याच्या दगडावर घासून झिजवल्या, म्हणजे वापरातल्या वाटाव्यात. रोज सकाळी त्या जरा वाकड्या करायच्या आणि संध्याकाळी नीट जुळवून ठेवायच्या. चार-पाच वर्षांनी नवी जोडी. माझ्या आयुष्यातला पुरुष काय तो एवढाच, आणि तो कधी तक्रार करत नसे.

आता कुत्रं कशाला, हे सांगते. ऑपरेटरचं काम म्हणजे दिवसभर बोलणं. नंबर सांगा. लाइनवर राहा. तीन मिनिटं झाली, वाढवू का? ट्रंक कॉलच्या काळात आम्हाला लोकांचं बोलणं ऐकायची परवानगी नव्हती, पण कॉल नीट लागला का ते बघायला पहिलं वाक्य ऐकावंच लागायचं. आणि ते पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं. पोचलो. पोचले हो सुखरूप. गाडी लेट होती पण पोचलो एकदाचे. तिकडून कुणीतरी "हुश्श" करायचं आणि मी बटण बंद करायची. किती हजार माणसांचं 'पोचलो' मी ऐकलं असेल देव जाणे. मी स्वतः कुठं गेले तर कुणाला कळवायचं, हा प्रश्न कधी आलाच नाही.

निवृत्तीनंतर एका शुक्रवारी दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" सांगायला तोंड उघडलं आणि घशातून आवाजच निघेना. खाकरून खाकरून बोलले. मग लक्षात आलं, मंगळवारपासून मी एक शब्द बोललेले नाही. मला त्या दिवशी स्वतःची फार भीती वाटली. एकटं असण्याची नाही, त्याची सवय होती. आवाज जाण्याची.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. बेघर झालेल्या पाळीव जनावरांना घर मिळवून देणारी एक संस्था होती, तिनं दिलेला. खाली लिहिलं होतं, 'गोल्डन रिट्रीवर, नर, वय तीन, अत्यंत कुटुंबवत्सल.' मी फोन केला. अर्ज आला. अर्जात एक रकाना होता, कुटुंबातील सदस्यसंख्या. त्याखाली बारीक अक्षरात सूचना होती की ही जात माणसांत रमणारी असल्यामुळे एकट्या व्यक्तीला दिली जात नाही.

मी चार लिहिलं. मी, भाऊ, वहिनी, पुतण्या. पस्तीस वर्षं सरकारी कागदावर एक आकडा चुकवला नाही आणि साठाव्या वर्षी माणसं चुकवली. बरं, खोटं तरी लहान लिहावं, दोन लिहावं. पण म्हटलं, एकदा लिहायचंच आहे तर घर भरलेलं असू दे.

तर असा तो आला. नाव बिस्किट. कुत्र्याला बिस्किट द्यावं, नाव कसलं देता, असं मी म्हणून घेतलं. पण हाक मारली की तो इतका खूश व्हायचा की दोन दिवसांत माझ्या तोंडी 'बिस्किटराव' बसलं. त्याची हकीगत संस्थेच्या आगटेबाईंनी त्या कुजबुजीतच सांगितली होती. वाईच्या एका मोठ्या कुटुंबातला तो. तिघे भाऊ, त्यांच्या बायका, पाच पोरं. भाऊ वेगळे झाले, घर विकलं, प्रत्येकानं आपापला फ्लॅट घेतला. भांडीकुंडी वाटली, देव वाटले. कुत्रं कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

सोबत दोन पानी माहिती होती. पहिलं पान जातीचं. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. मूळ स्कॉटलंडचं. तिथल्या उमरावांनी शिकारीसाठी तयार केलेलं. बंदुकीनं पाडलेला पक्षी तळ्यातून, झाडीतून शोधायचा आणि धक्का न लावता मालकाकडे आणायचा, हे याचं काम. तोंड इतकं मऊ की अंडं दिलं तरी फुटू देणार नाही. आणलेली वस्तू माणसाच्या हातात दिल्याखेरीज याला काम पुरं झालंसं वाटत नाही. मुलांशी प्रेमळ, पाहुण्यांशी प्रेमळ, चोराशीही प्रेमळ. राखणीला निरुपयोगी. आणि शेवटी जाड अक्षरात होतं की याला एकटं सोडू नये, एकटेपणानं ही जात आजारी पडते.

ते वाचून मला हसू आलं. अशा प्राण्याला मी माझ्या घरात आणलं होतं.

दुसरं पान त्याच्या स्वतःच्या सवयींचं. त्यात एक ओळ होती, 'घरातले सगळे घरी आल्यावर मगच जेवतो.' ती वाचून मी म्हटलं, चला, हे तरी सोपं आहे. सगळे म्हणजे मी, आणि मी घरीच असते.

एकटं सोडू नये म्हटल्यावर मी त्याला क्षणभर सोडलं नाही. भाजीला बरोबर, बँकेत बरोबर, दळण टाकायला बरोबर. बँकेतला शिपाई कुरकुरला तर मी पायरीवरूनच पासबुक आत पाठवलं. मी न्हाणीघरात गेले तरी तो दाराबाहेर बसायचा. मी बोलत राहायची. डाळ काय भाव झाली, कमल घोरपडे कशी बोलायची, सगळं त्याला सांगायची. आवाज परत आला. पहिले तीन दिवस मी इतकी सुखात होते की मला त्याची लाज वाटायची.

चौथ्या दिवशी सहाच्या सुमाराला तो उठला. दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर गेला, नऊ नंबरची डावी चप्पल तोंडात धरली आणि आत येऊन दाराकडे तोंड करून बसला. माझी राखण करायला ठेवलेली चप्पल यानं आत आणली, म्हणून मी हसले. हात पुढं केला, म्हटलं दे. त्यानं मान दुसरीकडे वळवली. गुरगुरला नाही, काही नाही. एखादा सभ्य माणूस 'तुमच्यासाठी नाही हो' म्हणतो तसं मान वळवली आणि परत फाटकाकडे बघायला लागला.

साडेसात वाजले, आठ वाजले. त्याचं ताट मी त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं वासही घेतला नाही. शेवटी चप्पल पुढच्या दोन पायांत ठेवून तिच्यावर हनुवटी टेकली आणि तसाच झोपला. सकाळी ताटातले चार घास खाल्ले, ते माझ्याकडे बघत, माझ्या समाधानासाठी खाल्ल्यासारखे.

मग हे रोजचंच झालं. सहा वाजले की डावी चप्पल, दार, आणि वाट. कुणाची वाट? त्या घरात कुणीही येणार नव्हतं हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. त्याच्या दृष्टीनं दारात चपला होत्या, म्हणजे त्या चपलांचा माणूस असणार. आणि संध्याकाळ झाली की माणसं घरी येतात. वाईला अकरा माणसं एकामागून एक यायची म्हणे, आणि हा प्रत्येकाला काहीतरी नेऊन द्यायचा. पोळपाटाजवळ बसून मी त्याची पाठ बघायची. नसलेल्या माणसाची वाट बघणाऱ्याच्या घरात राहणं फार वाईट. एका संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडलेही. "येणार नाही कुणी, ऐकलंस? कुणी नाहीये." त्यानं कान हलवले आणि फाटकाकडेच बघत राहिला.

चपला मी कपाटात घातल्या तेव्हा त्यानं दोन तास कपाटाचं दार हुंगलं. परत काढून ठेवल्या.

खाण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. दहीभात, दूधभाकरी. जन्मात पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात अंडं उकडलं. कोंबडीचं सूप वेगळ्या पातेल्यात केलं, नाकाला पदर लावून. डॉक्टर खटावकरांनी तपासलं, रक्त काढलं. काही दुखणं नव्हतं. "घरात कुणी गेलंय का बाहेरगावी?" त्यांनी विचारलं. "कुणाची तरी आठवण काढतोय." मी म्हटलं, हो, भाऊ फिरतीवर आहे. एकदा खोटं घरात घेतलं की त्यालाही रोज खायला घालावं लागतं. बत्तीस किलोचा तो अठ्ठावीसवर आला. अंगावरून हात फिरवला की फासळ्या बोटांना लागायच्या.

आणि महिना भरत आला होता. महिन्यानं आगटेबाई घर बघायला येणार, सगळ्यांना भेटणार, मग सही होणार, असं ठरलेलं होतं. मला दुसरी कसलीच भीती उरली नव्हती. त्यांनी त्याला नेलं तर माझं काय होईल, आणि नाही नेलं तर त्याचं काय होईल, या दोनच गोष्टी डोक्यात.

शनिवारी साडेपाचला त्या आल्या. चाळिशीतली बाई, शाळेत चित्रकला शिकवायच्या, शाळेतूनच स्कूटरवर आलेल्या. बिस्किट त्यांच्या अंगावर झेपावला, त्यांचे हात चाटले. त्यांच्या हसण्याचं अर्ध्यात काहीतरी झालं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि सोबत आणलेल्या काट्यावर त्याला उभं केलं. काटा बघितला. वहीत लिहिलं.

मी चहा टाकला. वहिनी आणि पुतण्या लग्नाला गेलेत असं सांगितलं. कुणाच्या, ते विचारू नये म्हणून देवाचा धावा केला.

"भाऊ?"

"येईलच आता. सहाला येतो."

सहा वाजले. बिस्किट उठला, बाहेर गेला, डावी चप्पल घेऊन आला आणि दाराशी बसला.

"भावाची फार माया दिसते," आगटेबाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मग आम्ही तिघंही बसलो. त्या खुर्चीत, मी पलंगावर, तो दाराशी. समोरच्या घरातला माणूस स्कूटरवरून आला. वरच्या आळीतली शिक्षिका आली. दुधाची गाडी गेली. प्रत्येक आवाजाला बिस्किटचे कान उभे राहायचे आणि परत पडायचे. चहा निवला. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. आगटेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग उठून त्या दारापर्यंत गेल्या, बाहेर उरलेली उजवी चप्पल उचलली आणि उजेडात धरून आतून न्याहाळली. बराच वेळ न्याहाळली.

"शेवडेबाई," त्या म्हणाल्या, "या चपला कुणी घातलेल्याच नाहीत. टाचा झिजल्यात, पण आत अंगठ्याचा ठसा नाही."

बघा, पंचवीस वर्षांत एका चोराच्या, एका दूधवाल्याच्या लक्षात आलं नाही ते. मीही टाचा घासत बसले, आतला विचार केलाच नाही.

"कुणी येणार नाहीये," मी म्हणाले. "भाऊ इंदूरला असतो. या घरात मी एकटी राहते. पहिल्यापासून."

आगटेबाई खाली बसल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी अर्धा तास कुजबुजत बसले होते हो त्या दिवशी." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मग त्या हळूहळू बोलत राहिल्या. फलटणला एक कुटुंब आहे, पाच माणसं, दोन मुलं, त्यांनी चार वेळा विचारलं होतं. उद्या रविवार आहे, गाडी आणते. माझ्याविषयी त्यांना काही म्हणायचं नाही, मी त्याचं केलं नाही असंही नाही. पण याला घर भरलेलं लागतं. तुम्हीच बघा कसा झालाय. मी बघतच होते. मला सगळं मान्य होतं. त्याच्या फासळ्या मी रोज मोजत होते, त्यांनी एकदाच मोजल्या.

मला माझ्याच घरात बसवेना. मी उठले आणि म्हणाले, त्याचा दुसरा पट्टा कोपऱ्यावरच्या चांभाराकडे शिवायला टाकलाय, तो घेऊन येते. उद्या द्यायला लागेल. खरंच टाकला होता. ते तरी खोटं नव्हतं. तो उठायला लागला तशी मी त्याला हातानंच बस म्हटलं, दार ओढून घेतलं आणि गेले.

महिन्याभरात पहिल्यांदा मी त्याच्याशिवाय रस्त्यावर होते. हाताला सारखं काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. चांभार दुकान आवरून गेला होता. नुसती पेटी, तिच्यावर गोणपाट आणि दगड. मी त्या पेटीपुढं उभी राहिले आणि साठ वर्षांची बाई भर रस्त्यात रडले. कुणी बघितलं असेल तर असो. मला त्याचा राग आला होता, खरं सांगते. मी चोवीस तास तिथं होते, आणि तो नऊ नंबरच्या चपलेची वाट बघत होता. मी घरात असणं कुणाच्या मोजणीत कसं येत नाही, असं वाटलं.

दहा मिनिटांनी डोळे पुसले आणि रिकाम्या हातानं परत निघाले. फाटकाची कडी काढली. ती कडी जुनी, मोठ्यांदा वाजते.

आतून नखांचा आवाज आला, फरशीवर घसरत, पळत. दार नुसतं लोटलेलं होतं, त्यानं नाकानं ढकललं आणि पायऱ्या उतरून आला. तोंडात चप्पल. मागचा अर्धा देह शेपटीबरोबर हलत होता. माझ्यापुढं येऊन उभा राहिला, मान वर केली, आणि मी हात पुढं करायच्या आत त्यानं ती चप्पल माझ्या हातात दिली. ओली, गरम, एकही दात उमटलेला नव्हता. क्षणभर माझ्या मागं फाटकाकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग परत माझ्याकडे बघितलं. एवढंच.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पोचले रे. पोचले."

तो वळला, पायऱ्या चढून आत गेला, आणि मला ताटाचा आवाज आला. दहीभात होता. तो खात होता. ताट ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेलं आणि भिंतीशी चाटून पुसून साफ केलं.

मी दारात उभी, हातात चप्पल. आगटेबाई खुर्चीत. मला तेव्हा कळलं. एकटं सोडू नये म्हणून मी त्याला कधी सोडलंच नव्हतं, म्हणून मी कधी घरी आलेच नव्हते. जे घरातून जात नाही त्याची वाट कोण बघणार? तो माझी वाट बघायला तयार होता. मी जायला हवं होतं.

आगटेबाईंनी त्या दिवशी कागदावर काही लिहिलं नाही. नियम म्हणजे नियम, असं दोनदा म्हणाल्या, एकदा मला आणि एकदा बहुतेक स्वतःला. फलटणला फोन करून पंधरा दिवस थांबा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी काटा घेऊन आल्या. तो तीस किलो भरला. मग त्यांनी अर्ज काढला, चाराचा आकडा खोडला आणि वर दोन लिहिलं. "एकट्या व्यक्तीला देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या. "दोघं असतील तर हरकत नाही."

त्यानंतर नऊ वर्षं मी रोज पावणेसहाला बाहेर पडले. कुठंही जायचं नसायचं. चांभाराच्या पेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. लोकांना वाटायचं देवळात जाते. पावसात गेले, ताप असताना गेले, गुडघा धरला तरी काठी घेऊन गेले. कडी वाजवायची, हात पुढं करायचा आणि 'पोचले' म्हणायचं. दोन हजार वीसला सगळं बंद झालं तेव्हा नुसती फाटकाबाहेर पाऊल टाकून परत यायची, पण चुकवलं नाही. आगटेबाई महिन्याकाठी एखाद्या संध्याकाळी यायच्या. मग त्या दोघांना दाराशी बसवून मी जायची, आणि परत आल्यावर त्याही हसत विचारायच्या, "पोचलात का?"

त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. बारा वर्षांचा झाला होता, झोपेतच गेला. त्याचं फार सांगत नाही. आगटेबाई आल्या, सगळं त्यांनीच केलं. दोन दिवस राहते म्हणाल्या, मी नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पावणेसहा वाजले आणि मी उठले नाही. कशाला उठायचं? दुपारचं ताट झाकलेलं तसंच होतं, आदल्या दिवशीचंही मी गाईला घातलं होतं. डावी चप्पल दाराच्या आत, उजवी बाहेर. त्यानं ठेवली तशी. अंधारून आलं तरी दिवा लावला नाही.

सहाला फोन वाजला. माझा फोन अजून तारेचाच आहे. उचलला.

"शेवडेबाई," आगटेबाईंचा आवाज आला, "पोचलात का?"

मी कुठं गेलेच नव्हते. तसं सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते पस्तीस वर्षांच्या सवयीचं.

"लाइनवर राहा," मी म्हणाले.

रिसीव्हर टेबलावर ठेवला. काठी घेतली, दार ओढून घेतलं. कोपऱ्यापर्यंत गेले. चांभाराची पेटी, गोणपाट, दगड. वळून परत आले. गुडघ्यामुळं चांगली पंधरा मिनिटं लागली. कडी वाजवली आणि थोडं थांबले. आतून आवाज आला नाही. पायऱ्या चढले, खाली वाकून डावी चप्पल उचलली, दिवा लावला आणि रिसीव्हर कानाला लावला. लाइन चालू होती. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

"पोचले," मी म्हणाले.

"बरं झालं," आगटेबाई म्हणाल्या. "आता जेवून घ्या."